मलमाचं वाण

१० जानेवारी
ही डायरी एक तारखेला सुरू करणार होतो. एक तारखेला पेन नव्हतं. दोनला पेन मिळालं, मूड गेला. मग ठरवलं, नोकरी लागली की सुरू करू, म्हणजे लिहायला काहीतरी असेल. आज लागली. म्हणजे हा उशीर नाही, नियोजन आहे.

मी आता संशोधनात आहे. हाडांच्या. चिंचोळी एमआयडीसीतलं टॉवेल पॅकिंग, गोव्यातलं हॉटेल, पुण्यातली डिलिव्हरी, ही सगळी याचीच पूर्वतयारी असणार. बी.ए. दुसऱ्या वर्षाला थांबलंय, ते थांबू दे.

काम सोपं आहे. गुडघे झिजलेल्या बायकांना मलमाच्या ट्यूबा द्यायच्या. निम्म्या जणींच्या ट्यूबेत औषध, निम्म्या जणींच्या नुसतंच मलम. दिसायला सारख्या, फक्त नंबर वेगळे. कुणाला कुठली, हे डॉक्टर अक्षता मॅडमनाही माहीत नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरना माहीत नाही म्हणजे मी काही फार मागे नाही.

मॅडम म्हणाल्या, "इंद्रजीत, दर आठवड्याला घरी जायचं. एकच ट्यूब द्यायची, जुनी रिकामी परत घ्यायची, दुखणं दहापैकी किती ते लिहून आणायचं. एकीची ट्यूब दुसरीला लागली तर ती गल्ली अभ्यासातून बाद. सहा आठवड्यांनी तपासणी. नीट झालं तर वर्षाची ऑर्डर काढते."

आईला नातेपुत्याला फोन केला, वर्षाची ऑर्डर निघाली म्हणून. सहा आठवडे तिला कशाला टांगून ठेवायचं?

१२ जानेवारी
माझ्या वाट्याच्या गल्लीत गेलो. काशम्मा धरून सहा जणी. दिवसभर मांडी घालून विड्या वळतात. उठताना भिंत धरतात.

काशम्मांना विचारलं, दहापैकी किती. म्हणाल्या, "नऊ हाय तम्मा. पण तू उन्हातनं आलायस, सात लिही."

मी समजावलं, असं माझ्याकडं बघून कमी करायचं नसतं.

"बरं, शेजारणीचं किती लिवलास?"

"आठ."

"मग माझं नऊच ऱ्हाऊ दे. तिच्यापेक्षा माझं जुनं हाय की."

संशोधनात असे तिढे येतात. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, तेवढं कळलं.

१३ जानेवारी
गड्ड्याची जत्रा भरलीय. पाळणे थेट सिव्हिल चौकातून दिसतात. जत्रा वर्षातून एकदा, गुडघे काय वर्षभर दुखतात. शांतपणे विचार केला. दर आठवड्याला एक ट्यूब म्हणजे माझ्या किती चकरा! शिवाय बायकांना असं लहान मुलासारखं मोजून देणं बरं दिसत नाही. माणसावर विश्वास टाकला की माणूस जबाबदार होतो. हे मॅडमच्या फाइलमध्ये कुठंच नाही.

सहाही आठवड्यांच्या ट्यूबा एकदम वाटून टाकल्या. काशम्मा हरखल्या. "एवढ्या सगळ्या आमालाच?" म्हटलं, तुम्हालाच. "लई बेस झालं बघ," म्हणाल्या.

संध्याकाळी मोठ्या पाळण्यात दोनदा बसलो.

२० जानेवारी
गल्लीत जाणार होतो. वाटेत मौत का कुआँ लागला. दुखण्याचे आकडे चहाच्या टपरीवर अंदाजाने भरले. प्रत्येकीचा अर्धा कमी केला. पूर्ण एक कमी केला की खोटं वाटतं.

२७ जानेवारी
आकडे घरीच भरले. उद्यापासून मात्र शिस्त.

३० जानेवारी
आज गेलो. रिकाम्या ट्यूबा मागितल्या. कुणाकडं एक, कुणाकडं दोन. आणि काशम्मांच्या उशाशी शेजारणीच्या नंबरची!

विचारलं, बाकीच्या कुठं गेल्या?

काशम्मा म्हणाल्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या की. दरसाल त्येच त्ये पिलास्टिकचे डबे. यंदा म्हटलं, उपेगाचं कायतरी देऊ. आमी सहाबी जणींनी त्येच दिलं. एकमेकींना दिलं, पल्याडच्या गल्लीला दिलं. लोकं नाव काढायल्यात."

मला मॅडमचं 'गल्ली बाद' आठवलं. काशम्मांनी पाणी दिलं.

२ फेब्रुवारी
परत गोळा करायचं ठरवलं. पल्याडच्या गल्लीत पहिल्याच घरी एक आजी म्हणाल्या, "वाण परत मागाय आलास? कुनाच्या घरचा रं तू?" वर तिळगूळ हातावर ठेवला आणि दार लावलं. दुसऱ्या घरी ट्यूब नवऱ्याच्या कंबरेला संपली होती. तिसऱ्या घरी सायकलच्या चेनला लावत होते. म्हणाले, चेन आता कुरकुरत नाही.

मोहीम थांबवली. माघार नाही, फेरविचार.

१० फेब्रुवारी
उपाय सापडला. तपासणीला येणार सहाच जणी. त्या गप्प बसल्या की विषय संपला. आज सगळ्यांना काशम्मांच्या ओसरीवर बसवून तयारी घेतली. मॅडमनी विचारलं तर एकच उत्तर: माझी ट्यूब मीच लावली.

काशम्मा म्हणाल्या, "खोटं कशापायी? देवाधर्माचं दिलंय, चोरलंय व्हय?"

शेवटी सांगून टाकलं. माझी नोकरी जाईल. आईनं नातेपुत्यात घरोघरी सांगितलंय, पोरगा दवाखान्यात लागला. यंदा पहिल्यांदाच ती माझ्याबद्दल स्वतःहून बोलतीय.

विड्या वळणारे हात थांबले. काशम्मा म्हणाल्या, "मग हे आदी सांगायचं की, तम्मा. आमी कुटं काय बोलतोय?"

बाहेर येऊन दोनदा नाक शिंकरलं. बहुतेक तंबाखूची धूळ.

२३ फेब्रुवारी, सकाळी ११
तपासणी. मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. सहाही जणी आल्या, पदर नीट, तोंडं घट्ट. एकेक आत जाऊन आली, दार उघडंच होतं. सगळ्यांनी पाठ केलेलं बरोबर म्हटलं. काशम्मांनी तर विचारायच्या आधीच म्हटलं.

गुडघेही सहाही जणींचे बरे निघाले. काशम्मा भिंत न धरता उठल्या. मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे जरा जास्तच सारखं आलंय." कौतुक करायची त्यांची पद्धत अशीच आहे. रिकाम्या ट्यूबा उद्या आणतो म्हटलं. उद्यापर्यंत पुष्कळ वेळ असतो.

ऑर्डर टाइप होतेय. खटखट ऐकू येतेय. आईला फोन लावणार होतो, पण तिला आधीच सांगून झालंय. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

११.४०
खटखट थांबली.

गेटवरचा नागप्पा वॉचमन माझ्यासमोरून सरळ केबिनच्या दारात गेला. बाहेर तीन रिक्षा भरून बायका आल्यात म्हणे. पल्याडच्या गल्लीतल्या. काशम्माच्या वाणातलं मलम संपलं, गुण लई आला, दुसरी ट्यूब पाहिजे म्हणतायत. आत सोडू का, असं विचारतोय. मला नाही, मॅडमना.