वळणावरचे घर रस्त्याला दिल्याबाबत

मी, लंकाबाई, कैलासवासी गेणू सखाराम आव्हाड यांची बायको, वय पन्नाशीच्या पुढे, राहणार स्टेशनच्या रस्त्यावर वळणाचे घर, नाशिक. शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकात न येता हे लिहिते. छातीत कळ येते, पण डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावे. शाळा दुसरीपर्यंत. वकिलाला सांगितले असते तर त्याने 'सबब' आणि 'उपरोक्त' घालून माझे म्हणणे पातळ केले असते. म्हणून माझ्याच हाताने.

१. हे घर माझ्या यजमानांनी हयातीत बक्षीसपत्र करून माझ्या नावे केले. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. दीर रावजी यांना त्यांची वाटणी केव्हाच पोचली. कोपऱ्याच्या खोलीत ते चहाचे हॉटेल चालवतात ते माझ्या भलेपणावर, हक्कावर नाही.

२. टांगा आणि तांबडी घोडी अब्बासला. ट्राम बंद पडल्यापासून आमचा टांगा तोच हाकतो. घोडीला चाबूक लावायचा नाही. तिला नुसते 'चल बाई' म्हटले की पुरते, हे त्याला ठाऊक आहे, पण लिहून ठेवते.

३. जाते शेजारच्या कुसाबाईला. गिरणीचे पीठ मी घरात येऊ देत नाही, त्याचे कारण पुढे येईल.

४. आता घर. ते कोणाला नाही. ते पाडावे.

मागे म्युनिसिपालटीचे इंजिनेर साहेब नकाशा घेऊन आले होते. म्हणाले, "बाई, पुढे या गावात मोटारीच मोटारी होतील. स्टेशनापासून गावापर्यंत रस्ता रुंद आणि सरळ करायचा आहे. तुमचा कोपरा आड येतो. पलीकडचे काही दिसत नाही." मी म्हटले, "मोबदला बोला आणि घेऊन जा." मला नसता बडेजाव नको होता. पण कोपरा गेला की हॉटेल जाणार, म्हणून रावजींच्या पोटात दुखले.

कोपऱ्यावर एक दगड आहे. गाड्यांची चाके भिंतीला घासू नयेत म्हणून सासऱ्यांनी रोवलेला. मोजणीवाले यायच्या आदल्या संध्याकाळी रावजींनी त्याला शेंदूर फासला आणि वर दोन डोळे चिकटवले. मी म्हटले, "भावजी, तो वंगण खाल्लेला दगड आहे." तर हसून म्हणाले, "वहिनी, उद्यापासून म्हसोबा. बघू कोण हात लावतो ते." सकाळी मी पुसायला फडके घेऊन गेले, तोवर दोन बाया ओटी भरून बसल्या होत्या. मोजणीच्या गड्यांनी खुंटी ठोकायला नकार दिला. नकाशावरची रेघ आमच्या दगडाला वळसा घालून गेली. रावजींचे चहापेक्षा नारळ जास्त खपू लागले.

मग येणारा-जाणारा वळणावर हात जोडू लागला. टांगेवाला लगाम एका हातात धरून जोडतो, घोडे आपले आपण वळते. मोटार वळत नाही.

परवाच्या श्रावणात माझी एकुलती एक लेक चंद्रभागा गिरणीतून पिठाचा डबा डोक्यावर घेऊन येत होती. दिंडोरीकडून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या वाल्मीक ड्रायव्हरने देव पाहिला आणि चाकावरचा हात कपाळाला नेला. पोर त्याला दिसलीच नाही. मी धावले तेव्हा रस्ता पांढरा झाला होता आणि त्या सांडलेल्या पिठातून घराकडे टाकलेली तिची चार पावले दगडापर्यंत येऊन थांबली होती. वाल्मीक माझ्या ओट्यावर डोके आपटत होता. "काकू, देवालाच हात जोडला वो!" मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. पण तो खोटे बोलला नाही. त्यानंतर त्याने मोटार हातात घेतली नाही.

तेव्हापासून वळणावर भोंगा वाजला की घरात ताज्या पिठाचा वास येतो. ओटा धुतला तरी सकाळी पांढरी पावले असतात. कुसाबाई म्हणते, "धूळ हाय गं, लंके." असेल. मी रोज झाडते. दगडाकडून दारापर्यंत धूळ येते, परत जात नाही.

५. माझ्यामागे घर जोत्यासकट पाडून कोपरा रस्त्याला द्यावा. मोबदला नको. मागचे अंगण आणि आड टांग्यांच्या अड्ड्याला. मोटारी येतील तेव्हा येतील, घोड्याला आजही तहान लागते.

६. दगड रावजींनी स्वतःच्या हाताने काढावा. भर दिवसा, लोकांदेखत, आणि शेंदूर आपणच फासला होता हे तोंडाने सांगून. अब्बास म्हणाला होता, "भाभी, बोलो तो अभी निकालता हूं." मी त्याला बजावले, "खबरदार! तुझ्या हाताने हलला तर लोक दगडाकडे बघणार नाहीत, तुझ्याकडे बघतील." म्हणून रावजीच. त्यांनी काढला तर दिंडोरीचा माझा मळा त्यांना. नाही काढला तर मळा वाल्मीकला; आज तो तिथेच दुसऱ्याच्या रानात मजुरी करतो.

७. मोकळ्या जागेत माझ्या किंवा पोरीच्या नावाचा ओटा, पार, पाटी, काही नको. नवा देव तर नकोच. नकाशा करणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की त्या टोकाहून येणाऱ्याला या टोकाची पोर दिसली पाहिजे.

हे सगळे रावजींना वाचून दाखवले. म्हणाले, "वहिनी, आता लोक मानतात त्याला. कोपेल." मी म्हटले, "भावजी, कोपायचा तेवढा कोपला."

तो दगड आहे हे मी इथे लिहून देते. तरी आत्ता तिन्हीसांजेला त्याच्यापुढे दिवा लावूनच खाली सही करते. रावजी दगड काढेपर्यंत कोणीतरी तो रोज लावावा. देवासाठी नाही. तिला घराचे दार सापडावे म्हणून.

सही: लंकाबाई गेणू आव्हाड, स्वहस्ते

आमच्यादेखत बाईंनी वाचून सही केली:
पुंजा रामजी सोनवणे, सही
सावित्रीबाई पुंजा सोनवणे, डाव्या अंगठ्याची निशाणी

मुक्काम नाशिक, पौष महिना, शके १८५९, ता. ५ जानेवारी १९३८