झाकण लाव आणि सांग

प्रिय कुंदाआत्या,

आज लिहायला बसले, कारण आज मी भर वर्गात नापास झाले! हसू नकोस. छपन्नाव्या वर्षी मोडी लिपी शिकायला नाव घातलंय. बाईंनी दिलेली बारा अक्षरं आठवडाभर वहीत बघत होते. आज फळ्यावर लिहायला गेले, तर चारच आठवली. वर्तमानपत्राला तीस वर्षं वेळेवर मजकूर देणारी तुझी भाची हातात नुसता खडू धरून उभी! आणि कानात तुझा आवाज आला, "उघडं ठेवून काय बघतेस गो? झाकण लाव आणि सांग."

तू जाऊन सहा वर्षं झाली. आवाज अजून तस्सा!

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. आपण मुंबईत असल्फ्याच्या खोलीत राहायचो आणि तू साकीनाक्याच्या एका युनिटमध्ये प्रथमोपचाराच्या पेट्या भरायचीस. चौदा वर्षं, उभ्याने. संध्याकाळी गुडघे सुजून यायचे. सुपरवायझर गावी जायचे होते, त्यांची खुर्ची रिकामी होणार होती. शेठ म्हणाले, "कुंदाबाई, काम तुम्हालाच येतं. पण दहावी पास पाहिजे. पुढच्या जूनपर्यंत करा, नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल."

तू सातवी शिकलेली, एक्केचाळीस वर्षांची. गेलीस आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून आलीस, बाहेरून दहावीला बसायला. मीही त्याच वर्षी दहावीला!

शेजारच्या राणेकाकूंनी दारातच अडवलं होतं. "पास झालीस की मिडी घालून कॉलेजात जाणार काय गो?"

"शिवायला टाकलीय, काकू. तुमचं पण माप द्या!"

तुझी ती शिकायची रीत पुस्तकातली नव्हती, पेट्यांमधली होती. एकदा कात्रीशिवाय पेटी बंद झाली, तेव्हापासून तू स्वतःला सवय लावली होतीस. बारा वस्तू भरायच्या, झाकण लावायचं, आत काय आहे ते न बघता बोलायचं. अडलं तरच उघडायचं. इतिहासाचं पुस्तकही तू तसंच बंद करायचीस.

मी मात्र डोलत डोलत तोच धडा दहा वेळा वाचायचे. सराव परीक्षेत इतिहासात आपटले, तेव्हा तू पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलंस.

"वाचलंस ना? आता आत काय ते सांग."

तीन मुद्दे सांगून मी थांबले.

"अजून."

"येतंय गं मला सगळं! आत्ता आठवत नाहीये."

"म्हणजे पेटीत नाहीये. टेबलावरच राहिलंय."

किती राग आला होता तुझा! दुसऱ्या दिवशी नळावर हंडा भरताना तोच प्रश्न, रविवारी सुकट निवडताना पुन्हा तोच. सगळ्या नळाला आपली सनावळी पाठ व्हायची वेळ आली होती. पण महिन्याभरात मला धडे यायला लागले, पुस्तक न उघडता!

बीजगणितात मात्र मी तुझी मास्तरीण. "ह्या ए आणि बी-नं असं काय केलंय, सारखं कंसात कोंडायला?" असं तू विचारायचीस. तुला समजेल असं सांगायचं म्हणून मला आधी नीट समजून घ्यावं लागायचं. गणितात मला मिळालेले मार्क खरं तर तुझ्या त्या प्रश्नांचे.

"एक राहिलं," असं तू पेटी पुन्हा उघडताना नेहमी म्हणायचीस. माझंही एक राहिलंय, आत्या.

माझी मैत्रीण वर्षा घरी आली होती, आणि तू विज्ञानाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होतीस. तिनं विचारलं, "तुझी आत्या काय वाचतेय?" मी म्हटलं, "वाचत नाहीये, माझ्या पुस्तकाला कव्हर घालतेय." तू ऐकलंस. उठलीस, खरंच खाकी कागद काढलास आणि तिच्यासमोर कव्हर घालून दिलंस. मला लाज वाटली, पण माफी मागायला मी पुढे आले नाही. एक चापट तरी मारायचीस गं! नंतरही कधी विषय का नाही काढलास?

आणि तो निकाल! दोघी पास! इतिहासात तुला माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त. आपल्या रांगेतल्या प्रत्येक दारात तू पेढा घेऊन गेलीस, राणेकाकूंना दोन दिलेस. "एक माझा, एक मिडीचा." खुर्चीवरच्या पहिल्या दिवशी घरी आलीस ती कण्हतच. "बसून बसून कंबर धरली गो!" आई हसता हसता भाकरी करपवून बसली.

तर ऐक. वही मी आत्ताच बंद केलीय. कोऱ्या कागदावर अक्षरं काढतेय. सात आलीत. उद्या सकाळी पुन्हा, गुरुवारी पुन्हा. येत्या रविवारी बाराच्या बारा फळ्यावर काढीन. आणि बाईंनी विचारलं, "कसं जमवलंत?" तर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगीन, माझी आत्या आणि मी एकाच वर्षी दहावीला होतो, हे तिनं शिकवलं. या वेळी कव्हर घालणार नाही. वचन.

तुझी वर्गमैत्रीण,
नंदा