यानने वही काढली

ती. बाबा, हॉलंडहून मनस्वीचा नमस्कार. फोनवर तुमी ‘बरं हाय’ एवढंच बोलता, म्हणून पत्र. आईचा गुडघा पनवेलला दाखवलात काय?

इथल्या शेतकऱ्यांनी पाणी उपसून जमीन सुकवली, तर ती दरवर्षी खचत गेली. आता पाणी परत आत घेतात आणि त्यातच उंच पाणगवत पिकवतात. त्या गवतापासून घराच्या भिंतींसाठी फळ्या बनवतात!

मी ज्याच्या शेतावर काम शिकते तो शेतकरी यान, पाणी कधी घ्यायचं ते कॉम्प्युटरवर बघतो. मी म्हटलं, माझे बाबा भात कापल्यावर बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडून खाडीचं पाणी शेतात घेतात, मासळी धरतात. भरतीचा दिवस तिथीवरून ठरवतात.

“कुठली तिथी?” त्याने वहीच काढली. मला सांगता येईना.

आपला हरेशदादा आपल्या त्याच शेतात मातीचा भराव टाकायचं म्हणतोय ना? मला ती तिथी कळवा. तोवर त्याला उघाडी बुजवू देऊ नका.

तुमची,
मनस्वी