तळाच्या पत्र्यावरचं डांबर

४ डिसें., मंगळ.
लातूरचे बिराजदार सर आले. फिजिक्सचा क्लास चालवतात. सोबत अँबॅसिडर, त्यांच्या वडिलांची, दुरुस्तीला. भूकंपात खेड्यांतून जखमी आणले ते ह्याच गाडीत, सरांच्या आई मागं बसून. सर म्हणाले, "रशीदभाई, काय बी बदला, तळाचा पत्रा तेवढा नको. आईचं एकच म्हणणं हाय." मी हौ म्हणून बसलो. पण वर बोटभर डांबर, आवाज दबावा म्हणून थापलेलं. खाली गंज हाय का, काय माहीत. गॅसनं जाळावं तर पत्रा वाकडा.
सरच बोलले, सुका बर्फ ठेवा, डांबर आखडून तडकतं. मास्तरचं डोकं! हसू आलं. पण बघायचंच करून.

६, गुरु.
हैदराबादच्या बसनं खोका आला. उघडला तर धूरच धूर, पाण्याचा थेंब न्हाई. गजब चीज. उद्या जुम्मा, गॅरेज बंद. शनिवारी लावू.

८, शनि.
खोका उचलला तर हलका! मुठीएवढे चार तुकडे. जुम्म्याची सुट्टी आम्हाला, बर्फाला कुठली. बायको हसून राहिली, "अजून ठेवा झाकून!"
तेच तुकडे ड्रायव्हरच्या पायाशी ठेवले, वर गोणपाट. जरा वेळानं कुडकुड आवाज. हातोडी टेकवली, डांबर पापडासारखं सुटलं. खाली पत्रा कोरा. ठोकला तर टण्ण. लई खुश. पण खरी परीक्षा मागच्या बाजूची.

१२, बुध.
दुसरा खोका. लगेच कामाला. शटर पुरतं उघडं, शनिवारी त्या बर्फाच्या धुरानं डोकं गरगरलं होतं. मागं डावीकडचं डांबर निघालं. ठोकलं तर भद्द. स्क्रू काढायचा पेचकस टोचला, गंजल्या पत्र्यातनं आरपार गेला.
वाईट वाटलं. लई वाईट. सरांना फोन केला न्हाई.

१३, गुरु.
फोन केला सकाळी. सर आईंनाच घेऊन आले. सीटा काढलेल्या, तरी आई चप्पल काढून आत चढल्या, पत्र्यावरच बसल्या. भोकाजवळ हात ठेवला. "इथं एक लेकरू निजवलं होतं. सीटवर जागाच नव्हती. लातूर येईस्तोवर बोलत होतं बघा."
पुढचं मी विचारलं न्हाई. सर बाहेर जाऊन उभे राहिले.
दिवस मावळेस्तोवर आई तिथंच. काम तसंच पडून राहिलं.
जाताना सरांनी विचारलं, "कापावं लागतंय का?" म्हटलं, भोकाच्या कडा पक्क्या असतील तर तळहाताएवढं ठिगळ पुरतं. नसतील तर... भोवतालचं डांबर निघाल्याशिवाय कळत न्हाई.
खोक्यात चार-पाच तुकडे उरलेत. शनिवारपर्यंत राहायचे न्हाईत.
उद्या जुम्मा. सकाळीच शटर उघडतो.