डावीकडे वाकलेला दस्ता

४ फेब्रुवारी

बाबांनी त्यांची बंदूक आज माझ्या टेबलावर आणून ठेवली. नेमकी माझ्या जेवणाच्या डब्यावर. मार्चअखेर चकचकीत हवी म्हणे. क्लबात जुन्या बंदुकांचा दिवस आहे, पहिला बार त्यांचा, आणि त्याआधी माइकवर कुत्र्याची गोष्ट.

कुत्र्याची गोष्ट! बाबा पंधरा वर्षांचे, आत्या अकराची. अंगणात पिसाळलेला कुत्रा तिच्या अंगावर धावून येतो, बाबा बंदूक उचलतात, एका बारात कुत्रा आडवा. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुत्रा कोल्ह्याएवढा होता. माझ्या लग्नात वासराएवढा झाला. आता माइक मिळाल्यावर हत्तीच आणतील.

बंदूक मात्र देखणी आहे. इंग्रजी दुनळी, शंभर वर्षांच्या पुढची. बोअर, म्हणजे नळीचं भोक, इतकं लहान की काडतूस माझ्या करंगळीएवढं. दोन्ही घोडे बाहेर, अंगठ्याने मागे ओढायचे. बंदूक दुरुस्तीचं हे दुकान बाबांचंच, आता मी चालवते. पण या बंदुकीची पेटी त्यांनी मला कधी उघडू दिली नव्हती.

९ फेब्रुवारी

गंज, गंज आणि गंज. शिंकले तरी तांबडं.

१७ फेब्रुवारी

नळ्या साफ झाल्या. गंजाखालून बारीक नक्षी वर आली — पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्या आहेत. मी बघत बसले आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं. ‘ताई, माझ्या एअरगनचं काय झालं?’ म्हणे. काही झालं नाही तिचं. हातच लावला नाही अजून.

२३ फेब्रुवारी

दस्ता वाकडा आहे. टेबलावर सपाट ठेवला की मागचं टोक डावीकडे जातं. शिवाय आखूड.

बाबा म्हणाले, ‘पेटीत राहून लाकूड पिळलंय. सरळ कर.’

‘तापवून वाकवावं लागेल. तडकलं तर?’

‘तडकू देऊ नकोस.’

चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेल्या माणसाचा हा सल्ला.

२४ फेब्रुवारी

लाकूड पिळलेलं नाही! पिळलेलं लाकूड आपल्या रेषांसकट फिरतं. हे एका जागी, मानेपाशी, तेलात तापवून मुद्दाम वाकवलंय. उजव्या हाताने बार काढणाऱ्याला दस्ता थोडा उजवीकडे लागतो. हा डावीकडे आहे. बाबा उजवे आहेत.

मागची लोखंडी पट्टी काढली. आत लाकडावर पेन्सिलीने आजोबांचं अक्षर — ‘छोटी. डावरी. साडेबारा इंच.’

छोटी म्हणजे आत्या. बाहत्तर वर्षांची झाली तरी बाबा तिला छोटीच म्हणतात. डाव्या हाताने लिहिते, डाव्या हाताने कांदा चिरते, लहानपणी मला चापट मारायची तीही डाव्यानेच.

म्हणजे कुत्रा कोणी मारला?

१ मार्च

आत्याकडे जाऊन आले. सरळच विचारलं, बंदूक तुझी होती ना? होती, म्हणाली. मग तो बार कोणी काढला? तिने शिवणयंत्रातली सुई बदलली, दोरा ओवला, आणि मग म्हणाली, ‘मीच.’

पुढे लगेच, ‘पण तू कुठे बोलू नकोस. दादाला त्रास होईल.’

दादाला त्रास! एकसष्ट वर्षं बहिणीचा पराक्रम आपल्या नावावर खपवला, पाहुण्यांना जेवू न देता ऐकवला, आणि त्रास दादाला! मला इतका राग आला की घरी येताना दोन थांबे पुढे उतरले.

१२ मार्च

बाबा रोज विचारतात, दस्ता सरळ झाला का. मी रोज सांगते, चाललंय. दस्त्याला तेल पाजते आहे फक्त. एका केसानेही हलवणार नाही.

२६ मार्च

बंदूक तयार. घोडे मागे ओढले की टक् टक् असा गोड आवाज येतो. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. मनातल्या मनात भाषण तयार करते आहे. आंघोळ करताना फारच चांगलं होतं.

३१ मार्च

केलं.

बाबा माइकवर होते, कुत्रा नुकताच फाटकातून आत आला होता. मी बंदूक घेऊन पुढे गेले, पट्टी काढली आणि आजोबांचं अक्षर मोठ्याने वाचलं. म्हटलं, ‘ही बंदूक माझ्या आत्याची. तो बार तिचा. श्रेय आज तिला मिळू दे.’

मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘म्हणजे बहिणीने मारला आणि शाबासकी भावाला!’ सगळे हसले. क्लबचे सेक्रेटरीसुद्धा, रुमाल तोंडाला लावून.

बाबा म्हणाले, ‘बंदूक तिची. बार माझा.’ लोक आणखी हसले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, अगदी हळू. मग माइक नीट स्टँडला लावून ते खाली उतरले.

मी बंदूक आत्यापुढे धरली. तिने घेतली नाही. पर्स छातीशी धरून बाहेर गेली. भरून आलं असेल. मला तर फार बरं वाटलं. अन्याय दूर केला की माणसाला भूक लागते, दोनदा वाढून घेतलं.

१ एप्रिल

बाबा जेवायला आले नाहीत. रुसू देत.

३ एप्रिल

आत्या दुकानात आली. बसली नाही.

म्हणाली, कुत्रा पिसाळलेला नव्हताच. घरचा होता. आजोबांचा जीव होता त्याच्यावर. तिने कोणाला न विचारता बंदूक भरली, घोडा अंगठ्यातून निसटला आणि बार कुत्र्याला लागला. आजोबा धावत आले तोवर बाबांनी बंदूक तिच्या हातातून काढून घेतली होती. म्हणाले, पिसाळला होता, मी मारला. आजोबा वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

‘मला कोणी काही विचारू नये म्हणून दादा आपणहून सांगत राहिला. आणि त्या दिवशी क्लबातून घरी जाताना गाडीत काय म्हणाला माहितेय? पोरीला खरं सांगू नकोस, तिला फार वाईट वाटेल.’