नातवंडांसाठी सभ्य इंग्लिश

३ मे, सकाळ.
मुलीचा फोन. दोन्ही नातवंडं वीस तारखेला येणार, आठ दिवसांसाठी. त्यांना मराठी येत नाही आणि मला दंगा चालत नाही. इंग्लिशमधून गप्प कसं करायचं ते शिकून घेतलं पाहिजे. सतरा दिवस आहेत. भरपूर झाले.

४ मे.
पुस्तक आणलं. ‘शट अप’ उद्धट. आपल्याला सभ्य हवं. ‘पाइप डाउन’, ‘क्वाएटन डाउन’, ‘सेटल डाउन’. रोज पाच पाठ करणार म्हणजे करणार.

९ मे.
पाच दिवस बुडाले. भाषा मुरायला वेळ द्यावा लागतो.

१४ मे.
आरशासमोर सराव. ‘सेटल डाउन’ म्हणताना एक भुवई वर. छान जमतंय. ही असती तर पोट धरून हसली असती. असो.

२० मे.
मुलगी पोरांना सोडून गेली. थोरला दहाचा, धाकटी सातची. जेवली, आपापली ताटं उचलली, कोपऱ्यात चित्रं काढत बसली. दमली असतील. उद्या घर डोक्यावर घेतील. मी सज्ज आहे.

२२ मे.
अजून घेतलेलं नाही. पत्तेसुद्धा हलक्या हाताने टाकतात. कानात कुजबुजतात. मी जवळ गेलो की तेही बंद. लाजाळू आहेत, बाकी काही नाही.

२५ मे, दुपार.
धाकटीला म्हणायचं होतं, जरा बोल की गं माझ्याशी. ते कसं म्हणतात ते काही पाठ केलेलं नाही. गडबडीत तोंडातून ‘सेटल डाउन’च निघालं. भुवईही वर गेली. पोर आधीच शांत बसली होती. तिने हातातली पेन्सिलसुद्धा खाली ठेवली.

२८ मे.
मुलगी न्यायला आली. म्हटलं, पोरं फार गुणी गं तुझी, आवाज म्हणून नाही. ती म्हणाली, “बाबा, मीच बजावलं होतं. तुम्हाला आवाज खपत नाही. मी नाही का तशीच वाढले?”
शिस्त लावली होती मी. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वाटलं मात्र.
दोघांनी हात हलवले. गाडी कोपऱ्यावर वळली आणि आतून एकदम आरडाओरडा, गाणं, खिदळणं. धाकटीचा आवाज चांगला खणखणीत आहे. आज पहिल्यांदा ऐकला. ऐकू येईनासा होईपर्यंत फाटकातच उभा होतो.