चाळीस गाड्या तपासल्या

कॅन्सस, १२ फेब्रुवारी २०१५

प्रिय कॅप्टन होल्कम,

नवी छावणी मानवली असेल. तिकडे थंडी कमी आहे म्हणे. इकडे गुडघाभर बर्फ आहे, कंपनी ठीक आहे, माझ्या बाहीवरची एक पट्टी गेली, हुद्दा उतरला. तुम्हाला माहीतच असेल. चौकशीत साक्ष तुमचीच होती.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. रजेवर जाणाऱ्या प्रत्येकाची गाडी सार्जंटने, म्हणजे मी, स्वतः तपासायची: टायर, दिवे, ब्रेक. शिवाय प्रत्येकी दोन पानांचा फॉर्म. गाड्या चाळीस. त्याच दुपारी सगळ्या कंपनीची सात सक्तीची ऑनलाइन प्रशिक्षणं पूर्ण दाखवायची होती, म्हणून आपला कारकून ऑर्टेगा नेहमीसारखा संगणकापुढे बसून सगळ्यांच्या नावाने परीक्षा देत होता. मी म्हणालो, "सर, पोरांना घरी सोडू की गाड्यांखाली लोळत बसू?"

तुम्ही हसलात. "डेल, चार वाजता वर शंभर टक्के आकडा गेला पाहिजे. कसा आणलास ते मला सांगू नकोस."

आणला. कॉफी पीत पीत अर्ध्या तासात चाळीस सह्या ठोकल्या.

त्या चाळिसांतला टॉबी रेंक ओहायोला घरी पोचलाच नाही. हायवेवर टायर फुटला, गाडी उलटली आणि तो जागीच गेला. चौकशीत तुम्ही म्हणालात, "माझा माझ्या सार्जंटवर विश्वास होता." तेही माझ्याकडे न बघता. अफगाणिस्तानात मी तुमच्या मागून डोळे मिटून चाललो होतो, सर. तुम्ही माझा केसाने गळा कापलात. हा राग मरेपर्यंत जायचा नाही.

एक गोष्ट मात्र मीही चौकशीत लपवली. त्या दिवशी साडेतीनला टॉबी दारात आला होता. "सार्जंट, मागचा डावा टायर जरा बघता का? मला काही तो बरा वाटत नाही."

मी फॉर्म फडकावला. "हा बघ, तुझा टायर पास झालाय. पळ आता, बायको वाट बघत असेल." तो हसला, आपली प्रत खिशात घातली आणि गेला.

परवा त्याच्या बायकोचा, मार्लीनचा, फोन आला. "त्याच्या सामानात तुमच्या सहीचा कागद मिळाला. निदान कुणीतरी वाकून नीट बघितलं होतं, एवढ्यावर मला झोप लागते."

मी म्हणालो, "हो मॅडम, बघितलं होतं."

हे मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

शनिवारी ओहायोला जातोय, तिला खरं सांगायला. तिची झोप जाईल. सोमवारी माझी साक्ष बदलेन, त्यात तुमचं वाक्यही जसंच्या तसं येईल. तुम्हाला आधी कळवतोय. मला कुणी कळवलं नव्हतं.

आजवर तुमचाच असलेला,
डेल प्रायर